पावसाळ्यात एअर रायफलचा दाब उतरतो? ओ-रिंगच्या आधी हातपंपाकडे बघा

जुलै लागला की फोंडा, म्हापसा, डिचोली, कुठूनही विचारणा आली तरी तक्रार तीच असते. दहा मीटरची एअर रायफल, हवा भरून ठेवायच्या सिलिंडरची. रात्री हातपंपाने २०० बार भरली, सकाळी काटा १८० वर, दोन दिवसांनी १५० वर. मग ओळखीतला कोणीतरी रायफल उघडतो, ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली हवा अडवणारी रबरी कडी, बदलतो, पंधरा-वीस दिवस बरे जातात आणि चवथीच्या आसपास काटा पुन्हा घसरायला लागतो. पुढच्या वर्षी परत तेच.

ओ-रिंग खराब झालेली असते, यात खोटे काही नाही. पण ती बदलून आजार जात नाही, कारण आजार ओ-रिंगमध्ये नसतो. गोव्याच्या पावसाळी हवेत हातपंप मारताना आपण सिलिंडरमध्ये हवेबरोबर पाणी भरतो. ते पाणी व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसते, गंज आणि पांढरी भुकटी तयार करते, ती भुकटी ओ-रिंगखाली जाते आणि गळती सुरू होते. नवी ओ-रिंग त्याच भुकटीवर बसवली तर ती किती दिवस टिकणार?

आधी खात्री करा की गळती खरीच आहे

पंप मारून झाल्यावर सिलिंडर हाताला गरम लागते. आतली हवा ४५ अंशांवर असताना काटा २०० दाखवत असेल, तर ती खोलीच्या ३० अंशांवर आली की काटा १९० च्या आसपास दिसेल. ही गळती नव्हे, हवा थंड झाली एवढेच. म्हणून भरल्यावर तासभर थांबा, मग काटा बघून वहीत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीत पुन्हा बघा. रायफलवरचा तो इवलासा काटा पाच बारचा फरक धड दाखवत नाही, त्यामुळे एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नका. दोन-तीन दिवसांची नोंद हवी.

दाब खरेच उतरत असेल तर सिलिंडर रायफलपासून फिरवून काढा आणि वेगळे ठेवा. एकटे सिलिंडरही उतरत असेल तर दोष त्याच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा काट्याच्या सीलमध्ये आहे. एकटे ठेवल्यावर दाब टिकतो पण रायफलला लावले की उतरतो, असे असेल तर रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करून एकसारखा ठेवणारा भाग) किंवा फायरिंग व्हॉल्व्ह (ट्रिगर दाबल्यावर हवा सोडणारी झडप) यांच्याकडे बघायचे. भांडी घासायच्या साबणाचा फेस कापसाच्या काडीने सांध्यांवर लावला की बुडबुडे जागा दाखवतात. नंतर ते कोरडे पुसून घ्या, आणि काटा असलेले सिलिंडर बादलीत बुडवू नका. रेग्युलेटरच्या अंगावर एक बारीक भोक असते, तिथून बुडबुडे आले तर आतला सील गेलेला आहे. ते भोक बंद करायचा विचारही करू नका. ते मुद्दाम ठेवलेले असते.

ज्या रायफलींची हवेची नळी अंगालाच पक्की असते, तिथे ही वेगळे करण्याची सोय नाही. तिथे साबणाचा फेस आणि वहीतली नोंद एवढ्यावरच भागवावे लागते.

पाणी किती जाते?

आतापर्यंत ज्या पालकांना आणि प्रशिक्षकांना मी हा हिशेब दाखवला, त्यांतल्या बहुतेकांना आधी तो खरा वाटत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

पावसाळ्यात आपल्याकडे तापमान २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के ही रोजची गोष्ट. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २४ ते २५ ग्रॅम पाण्याची वाफ असते. मॅच रायफलचे, म्हणजे स्पर्धेच्या रायफलचे, सिलिंडर ०.२ लिटरचे धरू. ते शून्यापासून २०० बारपर्यंत भरायला बाहेरची सुमारे ४० लिटर हवा आत ढकलावी लागते, आणि त्या ४० लिटरमध्ये जवळपास एक ग्रॅम पाणी असते. एक ग्रॅम म्हणजे वीसेक थेंब.

आता महत्त्वाची गोष्ट. एका लिटर जागेत किती वाफ मावते हे तापमान ठरवते, दाब नव्हे. ०.२ लिटर जागेत ३० अंशांवर सहा मिलिग्रॅमच्या वर वाफ मावत नाही, मग आत दाब एक बार असो वा दोनशे. म्हणजे त्या एक ग्रॅमपैकी जवळजवळ सगळे पाणी कुठेतरी द्रवरूपात बाहेर पडणारच. काही पंपाच्या तळाशी आणि होजमध्ये साठते, उरलेले धुक्यासारखे सिलिंडरमध्ये जाते. हाच हिशेब जानेवारीत २५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेवर मांडला तर एक ग्रॅमचे ०.६ होते. मे महिन्यात ४० अंश तापलेल्या कोरड्या दिल्लीत २० टक्के आर्द्रता धरली तर ०.४. उत्तरेतल्या कोरड्या हवेत पंप कमी तक्रार करतो आणि आपला लवकर थकतो, त्याचे कारण या आकड्यांत आहे. तिकडे चालणारा सल्ला इकडे तसाच घेऊ नका.

पाणबुड्यांच्या श्वसनहवेसाठी युरोपात जे ईएन १२०२१ मानक आहे, त्यात ४० ते २०० बारच्या सिलिंडरमधल्या हवेत घनमीटरमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच पाणी चालते. आपण अंगणात उभे राहून पंप मारतो तेव्हा ओढतो ती हवा २४,००० मिलिग्रॅमची.

गुणांवर काय परिणाम होतो?

गळती डोळ्यांना दिसते, पण त्याच्या आधीच गुण जायला लागलेले असतात. एअर रायफलचा पेलेट, म्हणजे छर्रा, साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो. रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह अडखळून वेग पाच मीटरने कमी झाला, तर दहा मीटरवर पेलेट जवळपास एक मिलिमीटर खाली बसतो. दशांश गुणांत ०.२५ मिलिमीटरला ०.१ जातो, म्हणजे त्या एका शॉटमध्ये ०.४ गेले. मूल मात्र ट्रिगरला दोष देते, श्वासाला दोष देते, आणि प्रशिक्षक त्याची पोझिशन बदलत बसतो. मला याचे फार वाईट वाटते. तंत्र चांगले असलेल्या मुलांचा आत्मविश्वास एका ओल्या व्हॉल्व्हपायी जातो.

क्लबमध्ये क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारे यंत्र, असेल तर ओळखणे सोपे आहे. आठ-दहा शॉटचा वेग नोंदवा, दहा मिनिटे रायफल तशीच ठेवा, मग पहिला शॉट बघा. तो बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे वेगवान आला तर रेग्युलेटरची बैठक हवा झिरपू देते आहे आणि थांबल्या काळात पुढच्या कप्प्यातला दाब चढतो आहे. पहिला शॉट मंद आला आणि पुढचे सुधारत गेले तर काहीतरी चिकटते आहे. क्रोनोग्राफ नसेल तर कागदावरचा उभा पसारा बघा. आडवा पसारा बहुधा नेमबाजाचा असतो, पण विश्रांतीनंतरचा पहिलाच शॉट नेहमी वर किंवा नेहमी खाली जात असेल तर मुलाला काही बोलण्याआधी रायफल तपासा.

पंप निवडताना

दुकानदार पंपाचा सर्वांत मोठा आकडा पुढे करतो: ३०० बार, ३५० बार. मॅच रायफलींना बहुधा २०० लागतात, त्यामुळे तो आकडा आपल्या कामाचा नाही. तुमच्या सिलिंडरवर कमाल दाब छापलेला असतो, तेवढा गाठणारा पंप पुरे. मी तीन गोष्टी बघतो.

पहिली, हवा सोडायचा स्क्रू, म्हणजे ब्लीड, कुठे आहे. तो अगदी तळाशी, पाणी साठते त्या कप्प्याच्या खालच्या टोकाला हवा. वरच्या बाजूला असेल तर हवा जाते आणि पाणी तिथेच राहते. दुसरी, हवा आत ओढायची वाट कुठे आहे आणि तिला नळी जोडता येते का. जोडता येत असेल तर सिलिका जेलची, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांची, नळी लावता येईल. काही पंपांत ही वाट दांड्याभोवतीच्या फटीतून असते, तिथे काहीच लावता येत नाही. आपल्या हवेत असला पंप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. तिसरी, सील किट. तीन टप्प्यांच्या पंपात आतले सील झिजणारच, आणि किट वेगळे मिळत नसेल तर तो पंप एका हंगामाचा सोबती समजा.

पंपाच्या तळाशी कापसाचा किंवा दाणेदार पितळेचा फिल्टर असतो. तो थोडे पाणी अडवतो, पण ओला झाल्यावर बदलला नाही तर उलट तोच पाणी पुढे देतो. बाहेरून लावायचा उच्च दाबाचा फिल्टर, ज्यात मॉलेक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे दाणे) किंवा कापसाची वळकटी भरतात, तो यापेक्षा कितीतरी प्रभावी आहे, कारण पंपातून आलेली दाबलेली हवा आधीच पाण्याने तुडुंब भरलेली असते आणि तिथे पाणी पकडणे सोपे जाते. तोटा एवढाच की त्याची पोकळीही प्रत्येक वेळी भरावी लागते, म्हणजे झटके वाढतात. क्लबसाठी तो जरूर घ्यावा.

सिलिका जेलविषयी गैरसमज फार आहेत. २० ग्रॅम जेलची नळी लावली की पावसाळा निभावला, असे नसते. दर पूर्ण भरणीला एक ग्रॅम पाणी येत असेल तर तेवढ्या जेलचा खरा कोरडेपणा दोन-तीन भरण्यांत संपतो. नंतर जेल पाणी शोषते, पण बाहेर पडणारी हवा पुरेशी कोरडी नसते. १०० वरून २०० पर्यंत नुसती भर घालत असाल तर याच्या दुप्पट वेळा चालेल. नारिंगी जेल घ्या, ओली झाली की हिरवट होते. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवून, गरम असतानाच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते, ती स्वयंपाकघरात तापवू नका. आणि नळीच्या पंपाकडच्या तोंडाला फेल्टची चकती हवीच, नाहीतर जेलची धूळ पंपाच्या नळकांड्यावर पॉलिशपेपरसारखी फिरते.

पंप मारताना

सर्वांत स्वस्त उपाय आधी सांगतो: घरात एसीची खोली असेल तर पंप तिथे मारा. २४ अंश आणि ५०-५५ टक्के आर्द्रतेच्या खोलीतल्या हवेत पाणी अंगणातल्या हवेच्या निम्म्याहून कमी असते. एकही पैसा न घालवता अर्धे पाणी टळले. मात्र गार झालेली रायफल तशीच उचलून व्हरांड्यात नेऊ नका, नळीवर आणि ट्रिगरवर लगेच दव धरते. पेटीत बंद करून बाहेर न्या आणि ती बाहेरच्या हवेशी जुळल्यावरच उघडा.

दोन्ही पाय पट्टीवर, हात सरळ, वजन कमरेतून. झटका पूर्ण लांबीचा आणि सावकाश. वर गेल्यावर क्षणभर थांबा, खाली टेकल्यावरही क्षणभर थांबा, म्हणजे हवा एका टप्प्यातून दुसऱ्यात नीट जाते. अर्धवट घाईचे झटके मारले की हवा कमी जाते आणि उष्णताच जास्त होते. दांडा बाजूला कलता कामा नये, सील एका अंगाने झिजतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना १५० च्या पुढे मारायला लावू नका. वजन पुरत नाही, मग ती लोंबकळतात आणि दांडा वाकडा होतो.

पन्नास-साठ झटक्यांनंतर ब्लीड हळूच उघडा. पांढरे धुके आणि थेंब येतील, ते बघून तुम्हालाच पटेल की हे सिलिंडरमध्ये गेले असते. पाच-दहा मिनिटे पंप थंड होऊ द्या, मग पुढे मारा. तापलेल्या पंपात सील मऊ पडतात, आणि वाफही पुढे निसटते. एक खबरदारी: ब्लीड उघडल्यावर सिलिंडरची हवा परत येऊ नये यासाठी सिलिंडरला एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. पण काही जोडण्यांमध्ये अॅडॉप्टरची पिन तो व्हॉल्व्ह दाबून धरते. मॅन्युअलमध्ये बघून घ्या, नाहीतर सगळी मेहनत वाफेबरोबर जाईल.

बॅटरीवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर हल्ली बरेच जण घेतात. पाठ वाचते, पाणी वाचत नाही. तेच पाणी, फक्त लवकर आणि गरम.

गोव्याकडे असलेली सोय

आपल्याकडे एक सोय आहे जी देशात फार थोड्या ठिकाणी आहे. ग्रँड बेटाच्या आसपास डायव्हिंग चालते, त्यामुळे श्वसनाची कोरडी, गाळलेली हवा २०० बारने भरणारे कॉम्प्रेसर इथे आहेत. अडचण अशी की पावसाळ्यात समुद्र बंद, डायव्हिंगही बंद, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा हवा मिळत नाही. म्हणून मे महिन्यात घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी चालते तेव्हा क्लबने आपली टाकीही भरून घ्यावी.

१२ लिटरची टाकी २०० बारने भरली तर १०० वर आलेली रायफल ती एका फटक्यात १९८ पर्यंत नेते. टाकी स्वतः १६० पर्यंत उतरेपर्यंत वीसहून अधिक भरण्या सहज होतात, आणि १६० बारवरही रायफल व्यवस्थित चालते. तीन-चार नेमबाज मिळून टाकी घेतली तर पावसाळा हातपंपाविना जातो. टाकीच्या व्हॉल्व्हच्या जोडणीचे योक आणि डिन असे दोन प्रकार असतात, आपला कोणता हे बघून अॅडॉप्टर घ्या, आणि टाकीवर कोरलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या चाचणीची) तारीख तपासा. टाकी उभी, भिंतीला पट्ट्याने बांधून, उन्हापासून दूर. गाडीच्या डिकीत विसरू नका.

आणि हे जपून वाचा. डायव्हिंगवाल्यांकडे नायट्रॉक्सच्या टाक्याही असतात, हिरव्या-पिवळ्या पट्टीच्या, त्यात ऑक्सिजन ३२ किंवा ३६ टक्के. त्या टाकीतून रायफल कधीही भरू नका. वेल्डिंगचा किंवा इस्पितळाचा ऑक्सिजन तर नाहीच नाही. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा कण एकत्र आले की स्फोट होतो, आणि सिलिंडर नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते. भरताना तोंडाने स्पष्ट सांगा: साधी हवा, रायफलसाठी.

पाणी आधीच गेले असेल तर

कंपनीच्या हवा सोडायच्या साधनाने सिलिंडर रिकामे करा. व्हॉल्व्ह खाली, आणि खाली पांढरे सुती कापड. हवा सावकाश सोडा. फटकन सोडली तर सीलच्या रबरात मुरलेली हवा फुगून आतून फोड आणते. कापड नुसते ओले झाले तर वेळेत सापडले म्हणायचे. तपकिरी डाग म्हणजे पोलादाचा गंज, पांढरट भुकटी म्हणजे अॅल्युमिनियम खाल्ले जाते आहे. डाग किंवा भुकटी दिसली तर ते सिलिंडर पुन्हा भरू नका, तज्ज्ञाकडे तपासायला द्या.

नुसते ओले असेल तर टाकीतली कोरडी हवा फक्त १० ते २० बार भरा, काही तास ठेवा, सोडा, आणि असे पाच-सहा वेळा करा. २०० बार भरून सुकवायला गेलात तर काही सुकत नाही. त्या भरलेल्या हवेतही वाफेला जागा तेवढीच असते, आणि प्रत्येक फेरीला हवा मात्र दहापट जाते.

ओ-रिंग बदलायची वेळ आलीच तर मापाबरोबर कडकपणा विचारा. सांध्यांमध्ये अनेकदा ९० शोअर (रबराच्या कडकपणाचे माप) लागते, आणि प्लंबिंगच्या दुकानातली ७० ची तिथे फटीतून पिळून निघते. बसवण्याआधी खाच स्वच्छ पुसा, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल, शिलाई मशिनचे तेल, गंजावरचा स्प्रे, यांतले काहीही हवेच्या वाटेत नको. दाबाने तापलेल्या हवेत तेल पेटते.

रेग्युलेटर घरी उघडू नका. त्यातल्या चकतीच्या स्प्रिंगा एका ठरावीक क्रमाने रचलेल्या असतात. बऱ्याच रेग्युलेटरमध्ये त्या बाहेरच्या हवेच्या बाजूला असल्यामुळे त्या बारीक भोकातून आत जाणारी खारी हवाही त्यांना गंजवते. तेव्हा रायफलच्या पेटीतही जेलची पुडी हवी, आणि बंद लाकडी कपाटात भिंतीला टेकवून ठेवणे टाळा. रायफल पडून असतानाही सिलिंडर पूर्ण रिकामे ठेवू नका, ५० बारच्या वर असू द्या, सील जागेवर दाबलेले राहतात.

एवढे करूनही दाब उतरत असेल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. युरोपीय मॅच रायफलींच्या अनेक सिलिंडरांना निर्मितीपासून १० वर्षांची मुदत असते, आणि ती पाळण्याची जबाबदारी आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांनुसार नेमबाजाची आहे. उपकरण तपासणीत ती बघितली जाऊ शकते. जुनी रायफल विकत घेताना लोक नळी बघतात, ट्रिगर बघतात, ही तारीख बघत नाहीत. मुदत टळली असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, नवे सिलिंडर घ्या. मुदत शिल्लक असेल तर सिलिंडर रिकामे करून रायफल सर्व्हिसला पाठवा. सोबत वहीतल्या नोंदींची नक्कल द्या: भरल्यानंतर तासाने किती बार, दुसऱ्या दिवशी किती, सिलिंडर वेगळे ठेवल्यावर किती, विश्रांतीनंतरच्या पहिल्या शॉटचा वेग किती, आणि कापडावर काय दिसले. नुसते 'हवा जाते' लिहिलेत तर सर्व्हिसवालाही आधी ओ-रिंगच बदलेल.